काळा पोशाख आणि द्रोहाचा शिक्का
(महिला दिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



काळा पोशाख आपल्याला नवा नाही. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात घातले गेले, तेव्हापासून सीमाभागातील मराठी माणसे १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतात. आज आम्ही दुसऱ्या एका काळ्या पोशाखाविषयी बोलणार आहोत.

समाजवादी युगोस्लाव्हियाने १९४६ च्या घटनेत स्त्रियांना समान हक्क दिले. मात्र हक्क वरून आले. घरातल्या मारहाणीबद्दल फारसे कोणी बोलत नसे. १९७८ साली बेलग्रेडला देशी-परदेशी स्त्रीवाद्यांची परिषद भरली, तेव्हा 'ही पाश्चात्त्यांची आयात' अशी टीका सरकारी गोटातून झाली.

१९९१ मध्ये देश फुटला, युद्ध पेटले आणि 'आयात' हा शब्द जाऊन 'राष्ट्रद्रोह' आला. ९ ऑक्टोबर १९९१ पासून बेलग्रेडच्या स्त्रिया दर बुधवारी काळे कपडे घालून चौकात मूक उभ्या राहू लागल्या. ही रीत त्यांनी जेरुसलेमच्या इस्रायली भगिनींकडून घेतली होती. येणारेजाणारे शिव्या देत. तिकडे क्रोएशियात डिसेंबर १९९२ मध्ये 'ग्लोबस' साप्ताहिकाने पाच लेखिकांना देशाच्या वैरिणी ठरवून त्यांची खासगी माहिती छापली. त्यांत भारतीय तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक राडा इवेकोविच होत्या. युद्धातील बलात्कार हा राष्ट्राचा अपमान एवढाच नसून बाईवरचा अत्याचार आहे, हे म्हणणे लोकांना खपले नाही.

पण तेच म्हणणे टिकले. बोस्नियातील फोचाच्या स्त्रियांनी हेगच्या न्यायालयात साक्षी दिल्या. २००१ साली बलात्कार हा मानवतेविरुद्धचा गुन्हा मानून तिघा सर्बांना शिक्षा झाली.

मंडळी, आपला काळा दिन आपल्यावर झालेल्या अन्यायाचा आहे. बेलग्रेडचा काळा पोशाख आपल्या नावाने दुसऱ्यांवर झालेल्या अन्यायाचा होता. पहिला हिशेब आपण चोख ठेवतो. दुसरा?

मुलाने परभाषिक सून आणली तर आपण तिला मराठी शिकवतो. मुलीने परभाषिक वर निवडला तर 'ती गेली' म्हणतो. हळदीकुंकू भगिनींकडे, ठराव बंधूंकडे. कोणी विचारले तर 'आधी भाषा, मग बाकीचे' हे उत्तर तयार असते.

भाषा घरात टिकते ती आईच्या तोंडून. तिलाच निष्ठेचा दाखला मागणारा समाज फार काळ टिकत नाही. येत्या वार्षिक सभेत कार्यकारिणीच्या निम्म्या जागा भगिनींना द्याव्यात, असा ठराव आम्ही मांडणार आहोत. आपण पाठिंबा द्यावा.

जय महाराष्ट्र!