वाड्याचं दार आणि सव्वा वर्षाची लेक

मागच्या बैठकीत आपल्या गटाकडे घरदुरुस्तीच्या कर्जाचे तीन अर्ज आले. तिन्ही घरांत रांगतं नाहीतर नुकतं चालायला लागलेलं लेकरू आहे. अर्जात सिमेंट लिहिलं होतं, टिनपत्रे लिहिले होते, मिस्त्रीची मजुरी लिहिली होती. काम चालू असताना लेकरू कुठं राहणार, हे एकाही अर्जात नव्हतं. आम्ही कोणाला नावं ठेवत नाही, कारण दोन वर्षांपूर्वी आमच्या स्वतःच्या अर्जातही ते नव्हतं. म्हणून आज हिशोब-नोंदवहीचं काही बोलायचं नाही. आमच्या घरात काय झालं तेवढं सांगतो.

आमचं घर आजेसासऱ्यांच्या वेळचं. नागपूरपासून बसनं दीड तास. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढं ओसरी, मागं सांदवाडी. दोन पावसाळ्यांपासून माजघरात पाणी गळायचं आणि मधल्या मयालीला उधळी लागली होती. पाडून स्लॅब टाकावा एवढा पैसा नव्हता. म्हणून डागडुजीच करायची ठरली. मयाल बदलायची, कवेलू फेरायचे, भिंतींचे पोपडे काढून पुन्हा लिंपायचं आणि पुढचं दार नवीन बसवायचं. अक्षय तृतीयेला काम काढलं आणि मृग लागायच्या आत संपवायचं होतं. लेक तेव्हा सव्वा वर्षाची होती. नुकतीच भिंत धरून उभी राहायला लागलेली, दिसेल ते तोंडात घालणारी.

ऊन कसं असतं आपल्याकडं, तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं, आणि घरावर छप्पर नाही. पहिले चार दिवस लेकीला लिंबाखाली झोळीत टाकून आम्ही कवेलू उतरवले. जुने कवेलू उतरवताना विंचू निघाले, एक नाही, तीन. त्या दिवशी हात कापले. रोजगार हमीच्या कायद्यात 2005 सालीच लिहून ठेवलं होतं, की कामावर बायांसोबत सहा वर्षांखालची पाच लेकरं असली, तर त्यांना सांभाळायला एक बाई ठेवायची. आपल्या घरच्या कामावर मात्र आपणच रेजा, आपणच स्वयंपाकीण आणि आपणच आई. अंगणवाडीत तीन वर्षांच्या आतल्या लेकराला दिवसभर बसवत नाहीत.

तेव्हा गटातल्या पाच जणींनी पाळी लावली. सोमवारी एकीकडं, मंगळवारी दुसरीकडं, असं. आम्ही ते रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहूनच काढलं, कारण तोंडी पाळी चार दिवसांत मोडते. बदल्यात त्यांच्या निंदणाला आमचा हात. हे जमलं, आणि आम्हाला वाटलं की लेकराचा प्रश्न सुटला.

आता भिंतींचं ऐका. मिस्त्रीदादा म्हणाले, या मातीला सिमेंटचा गिलावा मारून टाकू, कटकट मिटेल. सासूबाई आडव्या आल्या. म्हणाल्या, सिमेंट मातीला धरत नाही, दोन पावसाळ्यांत मातीचा पापुद्रा घेऊन खाली येते. आम्हाला ते जुन्या माणसाचं बोलणं वाटलं. पण गटाची सहल सेवाग्रामला गेली होती तेव्हा बापूकुटी पाहिली होती. 1936 साली गांधीजी तिथं राहायला आले तेव्हापासूनची ती वस्ती. माती, बांबू, कवेलू, आणि आजही उभी आहे, कारण दरवर्षी तिची निगा राखतात. मातीच्या भिंतीत ओल येते आणि जाते. सिमेंटनं तोंड बंद केलं की ओल आतच राहते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. मग मिस्त्रीदादांनी ऐकलं. गावची पांढरी माती, कुटार, शेण, आणि वरून पोतारा. खर्च निम्म्यानं कमी झाला.

आणि भिंतीचे जे पैसे वाचले, तेच घेऊन आम्ही घरात दुखणं आणलं.

नागपूरला महाल भागात जुने वाडे पाडतात, त्यांची दारं, चौकटी, खांब विकायला येतात. आमच्या घरच्यांना कोणीतरी सांगितलं की सागाचं दार नव्यापेक्षा निम्म्यात मिळतं. आम्ही दोघं गेलो. काय दार होतं! दोन पल्ल्यांचं, पितळी कड्यांचं, एकेक पल्ला दोन माणसांनी उचलावा असा. साडेचार हजारांना सौदा झाला. छोट्या गाडीतून दार घरी आलं तेव्हा अर्धा मोहल्ला बघायला आला. वरचा हिरवा ऑइल पेंट पोपडे धरून सुटत होता. त्याच्या खाली पिवळा, त्याच्या खाली तांबडा. आम्ही म्हटलं, रंग खरवडून काढू, आतला साग मोकळा करू, वरून पॉलिश मारू.

रंगकाम करणारा पोरगा तीन दिवस ओसरीत बसून पॉलिश पेपरनं ते दार घासत होता. लिंपण झालेलं होतं, म्हणून लेक दिवसभर घरीच राहायला लागली होती. ओसरीभर बारीक हिरवी-पिवळी भुकटी. ती त्याच्यातूनच रांगायची, हात तोंडात. आम्ही झाडू मारायचो, धूळ उडायची, पुन्हा बसायची. एकदा तिच्या जिभेवरून रंगाचा पोपडा काढला आणि हसलो, की हिला दारसुद्धा गोड लागतं. ते हसणं अजून आठवतं.

गटातल्या एका काकूंची पुतणी अमेरिकेत असते. त्यांनीही तिकडं शंभर वर्षांचं लाकडी घर घेतलं आणि पदरी दोन वर्षांचा मुलगा. काकूंनी तिला व्हिडिओ कॉलवर आमचं दार दाखवलं, कौतुकानं. ती दार बघून गप्प झाली आणि विचारलं, "बाळ कुठं आहे?" मग सांगायला लागली. तिकडं 1978 साली घरांसाठीच्या शिशाच्या रंगावर बंदी आली. त्याआधीचं घर विकताना, रंगात शिसं आहे असं माहीत असेल तर मालकाला ते सांगावंच लागतं. अशा घराचा रंग काढायचा तर शिकलेला, परवाना असलेला कामगार लागतो. त्यांनी एकेक खोली प्लॅस्टिकनं बंद करून काम केलं, आणि तोवर मुलाला घेऊन बहिणीकडं राहिले. आम्ही आपले समजत होतो की तिकडच्या लोकांना पैसा जास्त म्हणून थाट जास्त.

शिसं म्हणजे तेच, बॅटरीतलं. रंग चकचकीत राहावा, लवकर वाळावा, टिकावा म्हणून ऑइल पेंटमध्ये त्याचे क्षार घालत. पिवळ्या, तांबड्या, हिरव्या भडक रंगात जास्त. आपल्या मारुतीचा शेंदूरही शिशाचाच असतो. आपल्या देशात नियम 2016 साली झाला. नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांहून जास्त शिसं असेल तर तो रंग बनवायला बंदी आहे. म्हणजे नवा डबा घेताना त्यावर ते 90 पीपीएम वाचून घ्यायचं. पण वाड्याच्या दारावरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे.

मोठ्या माणसाच्या पोटात शिसं गेलं तर त्यातलं थोडं अंगात मुरतं. लहान लेकराच्या अंगात त्याच्या चार-पाच पट मुरतं. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडात साठवतं. लेकराच्या मेंदूवर परिणाम होतो. शिकणं मागं पडतं, लक्ष लागत नाही, चिडचिड वाढते. ताप येत नाही, पुरळ उठत नाही, म्हणून कळतही नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. युनिसेफनं 2020 साली अहवाल काढला, त्यात जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात एक डेसीलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असल्याचा अंदाज दिला होता. आणि बायांसाठी आणखी एक. हाडात साठलेलं शिसं गरोदरपणात सुटतं आणि पोटातल्या बाळापर्यंत जातं.

हे सगळं आम्हाला त्या रात्री माहीत नव्हतं. एवढंच कळलं की दार वाईट आहे. झोप लागली नाही. सासूबाई म्हणाल्या, आम्ही याच मातीत लोळून मोठे झालो. खरंच होतं ते, त्यांच्या मातीत काही नव्हतं. विष आम्ही शहरातून पैसे मोजून आणलं होतं.

नागपूरला बालरोगतज्ज्ञांकडं नेलं. रक्त घेतलं, नमुना बाहेर पाठवला. आठवड्याच्या मजुरीइतके पैसे गेले आणि रिपोर्ट यायला सहा दिवस. आकडा आला 12. डॉक्टर म्हणाले, यावर औषध देत नाहीत, औषध 45 च्या वर गेलं तर. इथं एकच उपाय, शिसं पोटात जाणं बंद करा आणि लोह, कॅल्शियम वाढवा. अंगात लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढतं. लेकीचं हिमोग्लोबिन आधीच कमी होतं. आशाताई आठवड्यातून दोनदा द्यायला सांगतात ते लोहाचं सिरप घरात होतं, पण कामाच्या धांदलीत आमच्याकडून महिनाभर चुकलं होतं. हे सांगताना लाज वाटते, पण सांगितलं नाही तर बोलून काय उपयोग?

मग घर धुतलं. झाडू बंद. ओल्या फडक्यानं, साबणाच्या पाण्यानं ओसरी, उंबरा, खिडकीचं कठडं पुसायचं आणि पाणी दर वेळी बदलायचं. ओसरीची वरची सारवणाची मातीच दोन बोटं खरवडून काढली, पोत्यात बांधली आणि नवीन सारवलं. गोधड्या, तिची खेळणी धुतली. जेवायच्या आधी, झोपायच्या आधी तिचे हात. दूध, तिळाची चटणी, मुंगन्याचा पाला, वरणावर लिंबू. तीन महिन्यांनी आकडा 7 आला, पुढच्या वर्षी 4. आता ती अंगणवाडीत जाते, गाणी म्हणते. आधीच्या आकड्यानं तिचं काय गेलं किंवा नाही गेलं, ते कोणत्या रिपोर्टात लिहून येत नाही.

रंगकाम करणाऱ्या पोराला आम्ही बोलावून सांगितलं. तो हसला. दहा वर्षं हेच करतो म्हणाला. मग विचारलं की घरी गेल्यावर आधी काय करतोस. म्हणाला, पोराला उचलतो. आणि बोलता बोलता थांबला, स्वतःच्या शर्टाकडं बघायला लागला. आता तो कामावरच कपडे बदलतो आणि नाकाला ओला गमछा बांधतो. त्याच्या पोराचं रक्त तपासायला आम्ही गटातून बिनव्याजी पैसे देऊ केले. बायको नको म्हणाली, आकडा निघाला तर करायचं काय, म्हणून. हे आमच्या मनातून जात नाही.

ज्यांनी अर्ज केले त्या तिघींना बैठकीत जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. जुना ऑइल पेंट घट्ट बसलेला असेल तर त्याला हात लावू नका, वरून नवा हात मारा. पोपडे सुटत असतील तर पाणी मारून, ओलं ठेवून हळू खरवडा, खाली प्लॅस्टिक अंथरा आणि कचरा बांधून ठेवा. कोरडं घासायचं नाही. दिव्यानं जाळून रंग काढायचा तर अजिबात नाही, त्याचा धूर आणखी वाईट. त्या दिवसांत लेकरू आणि गरोदर बाई त्या घरात नको, आणि पुसून झाल्याशिवाय परत आणायचं नाही. पाळी त्यासाठी लावा. चुना भिजवायचा असेल तरी तेच. उकळता चुना डोळ्यात उडाला तर डोळा जातो. भिंतीवर मारायला भरून ठेवलेली पाण्याची टाकी, बादली रोज संध्याकाळी पालथी करा. रांगतं लेकरू वीतभर पाण्यातही बुडतं.

आमच्या घराला आता साध्या लिंबाच्या फळ्यांचं दार आहे. पावसाळ्यात फुगतं, लाथ मारून लावावं लागतं. वाड्याचं दार सांदवाडीत टिनाखाली, मेणकापडात गुंडाळून पडलं आहे. मागच्या दिवाळीत शेजारच्या गावचा एक माणूस सहा हजारांना मागायला आला होता. आम्ही विचारलं, घरी लहान कोण आहे. म्हणाला, सुनेला सातवा लागला आहे. आमच्या घरच्यांनी आमच्याकडं पाहिलं. सहा हजार म्हणजे गटाच्या कर्जाचे उरलेले सगळे हप्ते. आम्ही त्याला बसवून, चहा देऊन सगळं सांगितलं आणि तो दार न घेता गेला. सासूबाई म्हणतात, मग फोडून चुलीत घाला, निदान सरपण तरी होईल. चुलीत घालता येत नाही, हे त्यांना दर महिन्याला एकदा समजावून सांगावं लागतं.