मे महिन्यात पाहिलेलं घर



आयोजकांनी दिलेला विषय मोठा होता: नव्या गावी बिऱ्हाड हलवताना वस्ती कशी निवडावी आणि घराचा खर्च कसा मोजावा. मुंबई-पुण्यात हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी आपल्या गोंदियाबद्दलच बोलणार आहे. आपल्याकडे बदलीवर येणारा माणूस हा जिल्ह्याचा कायमचा रहिवासी आहे. फक्त दर तीन वर्षांनी त्याचं नाव बदलतं.

1 मे 1999 ला भंडाऱ्यातून आपला जिल्हा वेगळा झाला. जिल्हा झाला म्हणून कार्यालयं आली, आणि कार्यालयांच्या मागोमाग साहेब, लिपिक, अभियंते, परिचारिका आल्या. तिरोड्याला 3300 मेगावॉटचा वीज प्रकल्प उभा राहिला. 2016 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्याबरोबर डॉक्टर आणि विद्यार्थी आले. बिरसीच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकणारी पोरं आली. या सगळ्यांना गोंदियात पाय ठेवल्यावर पहिला प्रश्न एकच पडतो, राहायचं कुठे?

आता गंमत बघा. राज्यातल्या सरकारी बदल्यांचा 2005 चा कायदा सांगतो की सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात कराव्यात. त्यामुळे माणूस घर शोधतो ते मेच्या शेवटी नाहीतर जूनच्या पहिल्या आठवड्यात. ऊन मी म्हणत असतं. घरमालक दार उघडतो, कूलर लावतो, पाणी देतो. आलेला माणूस खिडकीला पडदा लागेल का, छत किती तापतं, बोअरला पाणी आहे का, एवढंच विचारतो. उन्हाळ्याचे सगळे प्रश्न त्याच्या तोंडी असतात, पावसाळ्याचा एकही नसतो. आणि आपल्या जिल्ह्यात घराची परीक्षा पावसाळ्यातच होते.

गोंदिया शहराच्या कडेला गेल्या पंचवीस वर्षांत जे ले-आउट पडले, त्यांतले बरेच धानाच्या बांध्यांवर पडले आहेत. बांधी म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण सांगलीहून आलेल्या माणसाला सांगावं लागतं. चहूबाजूंनी धुरे घालून पाणी अडवलेला तो जमिनीचा तुकडा. रोवणीच्या वेळी त्यात पाणी उभं राहावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ती सपाट केली, चिखलणी करून तिचा तळ घट्ट केला. एका बांधीतलं जास्तीचं पाणी धुरा फोडून खालच्या बांधीत सोडायचं, तिथून आणखी खालच्या. ही उतरंड आजोबा-पणजोबांनी नजरेनं बसवली होती. ले-आउट टाकणाऱ्यानं धुरे मोडले, मुरूम टाकून रस्ता केला, आणि तो रस्ता नेमका पाण्याच्या वाटेवर आडवा आला. जुलैत पाणी आपली जुनी वाट शोधतं. ती वाट कुणाच्या तरी मोरीतून जाते.

त्यात मातीचा प्रकार. आपल्याकडचा शेतकरी कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी अशी मातीची नावं घेतो. कन्हार म्हणजे काळी, पाणी प्याली की फुगते, उन्हात तडकते. तिच्यावर उथळ पायाचं घर बांधलं की दोन पावसाळ्यांत भिंतीला जिन्यासारखी तिरपी भेग जाते. बरडी शेतीला कमअस्सल, पण घराखाली चांगली. म्हणजे ज्या जमिनीला शेतकरी नाक मुरडायचा ती घराला उत्तम, आणि जिथं धान सोन्यासारखं पिकायचं तिथं पाया जास्त खोल घ्यावा लागतो. प्लॉट विकणारा हे सांगत नाही. शेजारचा म्हातारा सांगतो. म्हणून घर बघायला जाल तेव्हा दलालाच्या गाडीतून उतरा आणि त्या वस्तीतल्या जुन्या माणसाला एवढंच विचारा, ‘बाबाजी, इथं आधी काय पिकायचं?’ आणि खाली भिंतीकडे बघा. मे महिन्यातसुद्धा गेल्या पावसाळ्याचं पाणी कुठवर चढलं होतं त्याची पिवळी रेघ चुन्यावर असते. नुकताच रंग मारला असेल तर शेजाऱ्याची भिंत बघा.

आता पैशाकडे येतो. गोंदियात किराया नागपूरपेक्षा बराच कमी आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तिथंच फसगत होते. माणूस म्हणतो, घर स्वस्तच आहे, मग चौकशी कशाला? किंवा दुसरा म्हणतो, कुटुंब नागपुरातच राहू दे, मी अप-डाउन करतो. या अप-डाउनचा हिशोब मी अनेकांसोबत मांडला आहे. घरभाडे भत्त्यासाठी नागपूर ‘वाय’ गटात आहे, गोंदिया ‘झेड’ गटात. सातव्या वेतन आयोगानंतर राज्यानं भत्ता लावला तेव्हा वायला 16 टक्के आणि झेडला 8 टक्के असा दर होता. आणि भत्ता मिळतो तो नेमणुकीच्या गावाप्रमाणे, तुम्ही झोपता त्या गावाप्रमाणे नाही. त्या दरानं मूळ वेतन 50,000 धरलं तर हातात 4,000 यायचे, आणि नागपुरात नेमणूक असलेला नोकरदार ज्या घरासाठी 8,000 भत्ता घ्यायचा त्याच घराचा किराया तुम्ही द्यायचात.

वेळेचा हिशोब त्याहून वाईट. नागपूर-गोंदिया रेल्वेनं सुमारे 130 किलोमीटर. मासिक पास 150 किलोमीटरपर्यंतच मिळतो, म्हणजे आपण त्या मर्यादेत जेमतेम बसतो. एक्स्प्रेसनं दोन तास, पॅसेंजरनं तीन किंवा जास्त. प्रत्येक एक्स्प्रेसला पास चालत नाही. घराचं कुलूप लावून खुर्चीत बसेपर्यंत तीन तास धरा, परतीचे तीन. सरकारी कार्यालयांचा आठवडा फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आहे, म्हणून महिन्याचे 22 दिवस. 132 तास! महिन्यातले साडेपाच दिवस-रात्र हा माणूस कामठी, तुमसर रोड, तिरोडा, गंगाझरी अशी स्टेशनं मोजत बसतो. त्याबद्दल कुठलाही भत्ता नाही.

शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी या संस्थेनं हाच विचार पद्धतशीर मांडला आहे. घरखर्च एकटा मोजू नका, त्यात येण्याजाण्याचा खर्च मिळवा, आणि दोन्ही मिळून उत्पन्नाच्या 45 टक्क्यांच्या आत असतील तरच ते घर परवडतं, असा त्यांचा मापदंड आहे. अमेरिकेचा आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू होणार नाही, पण बेरीज करायची रीत लागू होते. मी तिच्यात एक ओळ वाढवतो: पावसाळ्यात घर सोडून राहावं लागलं तर तो खर्च.

शहरात कुठे राहायचं, यावर माझं मत विचाराल तर आधी रूळ बघा. हावडा-मुंबई मार्गाचे रूळ गावाला मधोमध कापतात. एका अंगाला मुख्य बाजार, गोरेलाल चौक; दुसऱ्या अंगाला रेलटोली. शाळा रुळाच्या एका बाजूला आणि कार्यालय दुसऱ्या बाजूला असेल, तर दिवसातून चारदा तुम्ही रूळ ओलांडणार. जिल्हाधिकारी कार्यालय आमगाव रस्त्यावर आहे, म्हणून फुलचूरकडे घरं वाढली. वैद्यकीय महाविद्यालयाच्या नव्या जागेमुळे कुडव्याकडे भाव चढले. सिव्हिल लाइन्स महाग, पण तिथं चालत सगळं मिळतं, आणि गाडी दारात उभी ठेवून महिना काढता येणं याचाही पैसा असतो.

फुलचूर, कुडवा, कटंगी ही नावाला शहर आहेत, कागदावर ग्रामपंचायती. कर कमी लागतो, ही जमेची बाजू. पण नळाचं पाणी कोणत्या योजनेचं, नाली कोण काढणार, दिवाबत्ती कोणाकडे, हे नगरपरिषदेला विचारून उपयोग नाही. शहराला डांगोर्लीजवळ वैनगंगेतून उचललेलं पाणी येतं. तुमच्या गल्लीत तेच येतं की नुसता बोअर आहे, हे नळ उघडून पाहा. तेही सकाळी, पाणी सुटायच्या वेळेला.

राईस मिलचं एक सांगतो. आपलं गाव मिलांवर जगलं, त्याबद्दल तक्रार करणं मला शोभणार नाही. पण उसन्या तांदळाच्या मिलशेजारी घर घेताना तिथं एकदा मिल चालू असताना उभं राहा. धान भिजवून वाफवल्याचा आंबट वास आणि तुसाची काळी राख, दोन्ही मेमध्ये जाणवत नाहीत. दिवाळीनंतर नवं धान आलं की वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर जाणवतात. लहान मुलाला दमा असेल तर किराया हजारानं कमी असूनही ते घर महाग.

तालुक्यांत नेमणूक असेल तर जिल्ह्याची सीमा डोक्यातून काढून टाका. सडक अर्जुनीला काम करणाऱ्याला साकोली जवळ, ती भंडारा जिल्ह्यात असली म्हणून काय झालं? अर्जुनी मोरगावच्या माणसाला वडसा सोयीचं, तो तर गडचिरोली जिल्हा. नवरा गोंदियात आणि बायको देवरीच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात, अशी जोडी असेल तर आमगाव. रेल्वे आहे, देवरीचा रस्ता आहे, दोघांचंही अर्धं अर्धं होतं. मोठ्या दवाखान्यासाठी गोंदिया गाठावं लागतं, हा त्यातला तोटा.

इथं मला गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीची आठवण होते. 1972 मध्ये ती माणसं हिमालयापलीकडची थंडी सोडून अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या उन्हात येऊन वसली. वस्ती निवडायचा प्रश्नच नव्हता, दिली ती घेतली, आणि धान लावायला शिकली. आपल्यापैकी बहुतेकांना निवड करता येते. मग ती दलालाच्या भरवशावर का सोडायची?

कागदांचं थोडक्यात. घर किरायानं घ्या की द्या, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत किरायदाराचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, हे आपल्या घरमालकांना ठाऊक नसतं. नोंदणीची फी शहरी भागात 1,000 आणि ग्रामीण भागात 500 रुपये. तेवढ्यासाठी लोक कच्च्या कागदावर सह्या करतात!

प्लॉट घेणाऱ्यांनी मात्र दमानं घ्यावं. सातबारा नुसता नावासाठी वाचू नका. ‘झुडपी जंगल’ अशी नोंद दिसली तर थांबा. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं या जमिनी वनजमिनीच असल्याचा निकाल दिला आहे, जुन्या वाटपांना काही सवलत ठेवून. देवरी, सालेकसा भागात जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ प्रमाणे मंजुरीशिवाय ती बिगर आदिवासीच्या नावे होत नाही. विकणारा ‘बघून घेऊ’ म्हणतो. तो बघत नाही, तुमची मुलं बघतात. माझा सल्ला असा, की पहिलं वर्ष किरायानंच राहा, एक अख्खा पावसाळा आणि एक धानाचा हंगाम त्या भागात काढा, आणि मगच टोकन द्या. ऑगस्टमध्ये प्लॉट दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

शेवटचं बोलणं समोर बसलेल्या घरमालकांशी. नवा माणूस दारात आला की तुम्ही पगार विचारता, माणसं किती ते विचारता. ते ठीक आहे. मग आडनाव विचारता. आडनावावरून अंदाज आला नाही तर गाव, गावावरून नाही तर ‘खाण्यापिण्याचं काही आहे का?’ आपल्या गावात रिकामी घरं असतात आणि एखादी परिचारिका दोन-दोन महिने वसतिगृहात खाट मागत फिरते, त्याचं कारण किराया नसतो, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. ती ज्या दवाखान्यात रात्रपाळी करते तिथं उद्या तुम्ही जाणार आहात. या जून महिन्यात किरायदार आला तर त्याला आडनाव करारावर लिहितानाच विचारा, आणि तो करार नोंदवा.