टाके काढल्यानंतरची एकोणीस वर्षं



कुष्ठरोगानं आखडलेली बोटं सरळ करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आज अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांतल्या एकाच हाताविषयी सांगतो.

लालबागच्या मिरची गल्लीत मसाला भाजून देणाऱ्या एक मावशी. रोग औषधांनी पूर्ण बरा झाला होता, पण उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका वळून राहिली होती. वाटी धरायला जावं, तर बोटांची टोकं आधीच आत वळायची आणि वाटी तळव्याला टेकण्याआधी बाहेर ढकलली जायची. मी बोट वाकवणारी एक कंडरा फिरवून तिला नवं काम दिलं. प्लास्टर, मग व्यायाम. बोटं सरळ झाली. फोटो काढला, फाइलवर 'उत्तम' लिहिलं.

एकोणीस वर्षांनी त्या सुनेला दाखवायला आल्या. सवयीनं मी त्यांचा हात हातात घेतला. बोटं अजून सरळच होती. करंगळीचं पहिलं पेर मात्र नव्हतं.

"कढईला लागलं, डॉक्टर. कळलंच नाही. मसाल्याच्या वासात जळल्याचा वासही आला नाही."

बोटं वाकडी होती तोवर त्या तो हात पदराखाली ठेवत. मी ती सरळ केली आणि हात विस्तवापाशी गेला. कंडरा फिरवून हालचाल मिळते, गेलेला स्पर्श मिळत नाही. हे मला ठाऊक होतं. त्यांना नीट समजावलं होतं का? फाइलमध्ये तशी ओळ नाही.

मुंबईत कुष्ठरोगाचं काम जुनं आहे. वडाळ्याचं ॲकवर्थ रुग्णालय १८९० चं. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी १९४८ च्या सुमारास अशा हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. रोगानं बोटं गळून पडत नाहीत, बधिर बोटाला झालेल्या जखमांकडे लक्ष जात नाही म्हणून ती झिजतात, हे त्यांनी जगाला पटवलं. आपल्या जे. जे. रुग्णालयात नोशीर अंटिया यांनी हे काम वाढवलं. पण मला सर्वांत जवळच्या वाटतात कमलाबाई निंबकर. त्यांनी १९५० मध्ये इथं परळला, केईएम रुग्णालयात, व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं. बोट किती अंश उघडलं, हे आम्ही शल्यविशारद मोजतो. त्या हातानं रुग्ण घरी काय करणार, हे विचारायला त्यांच्या शाखेनं शिकवलं.

तो प्रश्न डिस्चार्जच्या दिवशी विचारून भागत नाही. भाजलेल्या मुलाच्या बोटावर बसवलेली कातडी हाडाच्या वेगानं वाढत नाही. सहाव्या वर्षी सरळ केलेलं बोट बाराव्या वर्षी पुन्हा ओढलं जाऊ शकतं. तळव्यात गाठी आणि दोर तयार होऊन बोटं मिटणारा, युरोपात बराच आढळणारा ड्युपुट्रेनचा विकार घ्या. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात रुग्णांना पाच वर्षांनी तपासलं. सुईनं दोर तोडलेल्यांत सुमारे ८५ टक्के जणांचा विकार उलटला होता, दोर कापून काढलेल्यांत सुमारे २१ टक्के. पाच वर्षं थांबल्यामुळेच हा फरक इतका स्पष्ट दिसला.

आपण थांबत नाही असं नाही. आपले रुग्ण हरवतात. फाइलवर पत्ता परळच्या चाळीचा असतो. चाळ पाडलेली असते, कुटुंब बदलापूरला किंवा विरारला गेलेलं असतं, आणि आपलं पोस्टकार्ड परत येतं. म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक फाइलवर गावाकडचा पत्ता आणि दोन नातेवाइकांचे फोन लिहा. या व्यासपीठावर पाच वर्षांखालचा निकाल कुणी 'अंतिम' म्हणून मांडू नये. आणि दर वेळी बोटांच्या कोनाबरोबर स्पर्शही तपासा. त्वचेवर टेकवून पाहायचे नायलॉनचे तंतू त्यासाठी पुरतात.

मावशींच्या गाळ्यात आमची एक व्यवसायोपचार शिकणारी मुलगी जाऊन आली. कढईच्या कानांची मापं घेतली, झाऱ्याला लाकडी मूठ बसवली. त्यांच्या डाव्या हाताला स्पर्श शाबूत आहे. आधी डाव्यानं चाचपायचं, मग उजव्यानं उचलायचं, हे त्या एकसष्टाव्या वर्षी शिकताहेत. येत्या गुरुवारी त्यांना पुन्हा बोलावलंय.