आंतड्यांतील कठीण गांठ
(नभोवाणीवरील भाषण)

आमच्या वऱ्हाडांत शौचावाटे रक्त दिसलें कीं घरांतील वडील मंडळी एकच निदान करतात: मूळव्याध. मग ताक, सुरण आणि मौन! कित्येकदां तें निदान खरेंहि ठरतें. परंतु मोठ्या आंतड्याच्या अस्तरावर उगवणारी ‘पॉलिप’ नांवाची गांठहि असेंच रक्त दाखविते, आणि पुष्कळदां तर कोणतेंच लक्षण दाखवीत नाहीं. मी आयुष्यभर शाळामास्तर. वैद्यकाचा अधिकार माझा नव्हे. पण अचलपुरासारख्या गांवीं या विषयांत जो संकोच आढळतो, त्यावर दोन शब्द बोलणें मला अगत्याचें वाटतें.

प्रत्येक गांठ म्हणजे कर्करोग नव्हे. कांहीं जातींच्या गांठी मात्र बहुधा दहाएक वर्षांच्या अवधींत तें रूप घेऊं शकतात. म्हणजे आपल्या हातीं वेळ असतो. तो दवडूं नये, इतकेंच.

१९४१ सालीं मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, तेव्हां आंतड्यांत खोलवर असलेली गांठ काढण्यास पोट उघडण्यावांचून गत्यंतर नव्हतें. १९६९ सालीं न्यूयॉर्क येथें डॉ. हिरोमी शिन्या व डॉ. विल्यम वुल्फ यांनीं गुदमार्गानें लवचिक दुर्बीण आंत नेऊन तारेच्या फांसानें गांठ काढण्याची रीत पाडली. देंठाची गांठ अशा फांसांत सहज सांपडते. बसकी, रुंद बुडाची, दोन सेंटिमीटरांहून मोठी किंवा आंतड्याच्या घडीआड दडलेली गांठ मात्र कठीण. आंतड्याची भिंत जेमतेम कांहीं मिलिमीटर जाड. विजेची तार खोल गेली तर भोंक पडावयाचें. म्हणून डॉक्टर प्रथम गांठीखालीं सुईनें क्षारजल सोडतात. तव्यावर भाकरी फुगली म्हणजे पापुद्रा जसा सुटा होतो, तसें अस्तर खालच्या स्नायूपासून वर उचललें जातें. मग गांठ एकसंध किंवा तुकड्यातुकड्यांनीं कापतां येते. मोठी गांठहि सूक्ष्म सुरीनें अखंड सोलून काढण्याची विद्या जपानी डॉक्टरांनीं १९९० नंतरच्या दशकांत वाढविली.

यांत धोका नाहींच असें नाहीं. रक्तस्राव होऊं शकतो, तोहि कधीं आठ-पंधरा दिवसांनीं. क्वचित् छिद्र पडतें. रक्त पातळ करणारें औषध चालू असल्यास तें डॉक्टरांस आधीं सांगावें. आपल्या मनानें बंद करूं नये. काढलेला भाग तपासणीस जातो, आणि कर्करोग खोल गेलेला आढळल्यास शस्त्रक्रिया करावी लागते.

तुकड्यांनीं काढलेली गांठ त्याच जागीं पुन्हां उगवूं शकते. म्हणून साधारण सहा महिन्यांनीं दुर्बिणीनें ती जागा पाहावी लागते. येथेंच पुष्कळ कुटुंबें ढिलाई करतात. दुखत तर कांहीं नाहीं. मग पेरणी, लग्नसराई, नागपूर-मुंबईच्या प्रवासाचा खर्च, असें एकेक कारण निघतें आणि तारीख टळते.

तेव्हां माझी विनंति तीनच गोष्टींची. रक्त दिसल्यास लाज न धरतां डॉक्टरांकडे जावें. आणि मोठी गांठ निघाली तर पोट उघडण्यास संमति देण्यापूर्वीं, ‘ती दुर्बिणीनें निघेल काय?’ असें स्पष्ट विचारावें. आणि ती निघाली, म्हणजे सहा महिन्यांनंतरची तारीख त्याच दिवशीं घरच्या पंचांगावर लिहून ठेवावी.