गाणं कुणाकडून ऐकलं?

बी.ए.ला असताना मिरजेतल्या माझ्या खोलीवर एका मित्राने एक कॅसेट आणली होती. गिटारचे सूर एकेक करून उलगडले, मागून ऑर्गन भरत गेला आणि एक घोगरा आवाज न्यू ऑर्लिन्समधल्या कुठल्याशा घराची कहाणी सांगू लागला. गाणं होतं 'द हाउस ऑफ द रायझिंग सन' आणि गाणारे होते इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे 'द ॲनिमल्स'. इंग्रजी निम्मंच कळलं. पण वाया गेलेल्या पोराचा पश्चात्ताप पुरता कळला. हे गाणं त्यांचंच, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो.

त्यांनी ते १८ मे १९६४ रोजी लंडनमध्ये एका दमात ध्वनिमुद्रित केलं. त्या काळी रेडिओवर तीन मिनिटांपलीकडचं गाणं सहसा चालत नसे. हे चार मिनिटांहून मोठं. तरीही आधी ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. वाजवणारे पाच जण. तबकडीवर मात्र 'पारंपरिक, संयोजन : ॲलन प्राइस' एवढंच छापलं गेलं. मानधनाचा हक्क त्या एका नावाला मिळाला आणि ती सल बाकीच्यांच्या मनात कायम राहिली.

पण त्यांच्या आधी, १९६२ साली, बॉब डिलनच्या पहिल्या तबकडीत हेच गाणं होतं. त्याची बांधणी त्याने डेव्ह व्हॅन रॉंक या गायकाकडून उचलली होती. गंमत पाहा, लोक 'डिलनचं गाणं गातोस' म्हणू लागले, तेव्हा व्हॅन रॉंकने ते गाणं सोडलं. पुढे लोक डिलनला 'ॲनिमल्सचं गाणं गातोस' म्हणू लागले, तेव्हा त्यानेही सोडलं! हा किस्सा व्हॅन रॉंकच सांगत असे.

त्याही मागे चला. १९३७ साली लोकगीतं गोळा करणारा ॲलन लोमॅक्स ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन केंटकीतल्या मिडल्सबरो गावी पोचला. तिथे जॉर्जिया टर्नर नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने त्याला हे गाणं म्हणून दाखवलं. बाप खाणकामगार, घरात गरिबी. तिच्या गाण्यातला 'मी' पोरगा नाही, फसलेली पोरगी आहे. धाकट्या बहिणीला ती सांगते, माझ्या वाटेने येऊ नकोस. डिलननेही ते बाईच्याच तोंडी ठेवलं होतं. ॲनिमल्सने पोरगा केला आणि जग त्यालाच ओळखू लागलं. १९८१ साली डॉली पार्टनने गाणं पुन्हा बाईच्या तोंडी आणलं.

जॉर्जियाला या गाण्यापोटी आयुष्यात सुमारे ११७ डॉलर मिळाले. १९६९ साली ती वारली.

मग गाणं तिचं का? तेही नाही. १९३३ सालीच क्लॅरेन्स ॲश्ली याने ते तबकडीवर गायलं होतं आणि आपण ते आजोबांकडून शिकलो, असं तो सांगायचा. आजोबांच्या मागे वाट धूसर होते.

हे सगळं वाचताना मला माझी अम्मा आठवली. घरात आम्ही दखनी बोलायचो. पण पहाटे जात्यावर बसली की अम्माच्या तोंडून मराठी ओवीच यायची. माझ्या पहिल्या संग्रहातल्या एका कवितेचा शेवट मी तिच्या ओवीवरून घेतला. कविसंमेलनात टाळ्या नेमक्या त्याच ओळींना पडत आणि मी मान लववून त्या घेत असे. कविता खाली माझ्या नावाची, वर अम्माचा उल्लेख नाही. एकदा धीर करून तिला हे सांगितलं. ती हसली, म्हणाली, "ओ मेरी नै रे, तेरी नानी की."

गाणी हातोहात पुढे जातात, जायलाच हवीत. ॲनिमल्सने ते उचललं नसतं, तर मिरजेतल्या माझ्या खोलीपर्यंत ते आलंच नसतं. घेणं हा गुन्हा नाही. मात्र कुणाकडून ऐकलं, एवढं सांगायला काय लागतं? एक ओळ.

संग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा त्या कवितेखाली मी ती ओळ घातली : 'अम्माकडून ऐकलेली, तिने नानीकडून.' अम्मा तोवर राहिली नव्हती.