पोच आल्याशिवाय मूळ सोडू नये
(गणेशोत्सवातील भाषण)



ज्ञानाची ने-आण बडोदेकरांना नवी नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात 1910 नंतर फिरत्या वाचनालयाच्या पेट्या गावोगाव जात. यंदा आम्हीही अशीच एक पेटी पाठवली, पण इंटरनेटवरून आणि थेट टोरांटोला.

मंडळाच्या जुन्या व्याख्यानांच्या नि नाट्यपदांच्या टेपा आम्ही संगणकावर उतरवल्या. साठ तासांचे ध्वनिमुद्रण, सुमारे 125 जीबी. त्यातली खरखर काढून द्यायला तिथे गेलेली आपलीच एक लेक तयार होती. आमची लाइन सेकंदाला 100 मेगाबिटची, म्हणजे तीन तासांचे काम. पण पहिल्या रात्रीत जेमतेम सात जीबी गेले!

दोष लाइनचा नव्हता, अंतराचा होता. इंटरनेटवर माहिती तुकड्यांनी जाते आणि पलीकडून पोच येते. पोच न येता किती माहिती पाठवायची, याला मर्यादा असते. मूळ रचनेत ती 64 केबी होती. टोरांटोहून पोच यायला पाव सेकंद लागतो. म्हणजे सेकंदाला फार तर 256 केबी, मग लाइन कितीही रुंद असो. 1992 साली ही मर्यादा वाढवण्याची सोय झाली, पण आमचा जुना प्रोग्राम तिचा फायदा घेत नव्हता. आम्ही प्रोग्राम बदलला, एका फाइलचे अनेक तुकडे एकाच वेळी सोडले आणि वेग आला. वाटेत कुणी ऐकू नये म्हणून सगळे कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात पाठवले.

मध्येच वीज गेली. पुन्हा सुरू करून काम संपवले. तिकडच्या फाइलींचे आकार आमच्याशी तंतोतंत जुळले. आमच्यातले एकजण म्हणाले, "झाले की! आता इथल्या फाइली पुसा, जागा मोकळी होईल."

आम्ही थांबलो. प्रत्येक फाइलचा ठसा काढला. एसएचए-256 नावाची ही रीत फाइलमधून 64 अक्षरी खूण काढते; आत एक अक्षर बदलले तरी खूण पार बदलते. एका फाइलचा ठसा जुळेना. प्रोग्रामने तिची जागा आधीच अडवून ठेवली होती, म्हणून आकार पूर्ण दिसत होता. आत मात्र मधला भाग कोराच होता.

आणि मंडळी, त्याच फाइलची मूळ टेप उतरवून घेतल्यावर तुटली होती. आमच्या संगणकावरची प्रत पुसली असती, तर तो आवाज कायमचा गेला असता.

घरोघरी लग्नांच्या चित्रफिती, आजोबांचे आवाज आहेत. मुलांना परदेशी जरूर पाठवा. पण आकार पाहून समाधान मानू नका. ठसा जुळवा, आणि दुसरी प्रत वेगळ्या घरी ठेवा. आपले वाडवडील रजिस्टर पत्राची पोच जपून ठेवत, ते उगीच नव्हे.

गणपती बाप्पा मोरया!