मुक्या सोबत्याचें परदेशगमन

घरांतील कर्त्या पुरुषाची लंडन येथें नेमणूक होते. पारपत्रें तयार होतात, सामानाची बांधाबांध सुरू होते, आप्तेष्टांकडे निरोपाचीं जेवणें झडतात, आणि निघण्यास तीन आठवडे उरले असतां धाकटें मूल सहज विचारतें, "बाबा, आपला मोती विमानांत कोठें बसणार?" मोठीं माणसें हंसतात. पण चौकशी सुरू होते आणि दोन दिवसांत सर्वांचीं तोंडें उतरतात. मोतीला तीन आठवड्यांत विलायतेस नेणें शक्य नाहीं. कितीहि द्रव्य खर्चिलें तरी शक्य नाहीं. असा प्रसंग आज अनेक घरांवर येतो.

माणसाच्या प्रवासास पैसा आणि परवाना लागतो. कुत्र्यामांजरांच्या प्रवासास यांखेरीज तिसरी एक गोष्ट लागते, ती म्हणजे काळ. हा काळ कां लागतो हें एकदां ध्यानांत आलें, म्हणजे पुढील नियम जाचक न वाटतां सयुक्तिक वाटूं लागतात.

या नियमांच्या मुळाशीं मुख्यतः एकच रोग आहे. कुत्रें पिसाळतें तो हा रोग, रेबीज. त्याचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं माणूस काय आणि जनावर काय, बहुधा वांचत नाहीं. परंतु विष शरीरांत शिरल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत कित्येक आठवडे, कधीं कधीं कित्येक महिनेहि जातात. त्या अवधींत जनावर धडधाकट दिसतें, खातें, खेळतें, शेपटी हलवितें. म्हणूनच विमानतळावर नुसतें कुत्र्याकडे पाहून अधिकाऱ्यास कांहींच ठरवितां येत नाहीं.

ब्रिटनला हें अनुभवानें कळलें आहे. १९०२ सालीं तो देश या रोगापासून मुक्त झाला होता. परंतु पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीं, रोग पुन्हां शिरला. परतणाऱ्या सैनिकांनीं लपवून आणलेलीं कुत्रीं त्यास कारण झालीं असें मानलें जातें. तो निपटून काढण्यास १९२२ साल उजाडलें. पुढें अनेक दशकें बाहेरून येणाऱ्या कुत्र्यामांजरांस सहा महिने देखरेखीखालीं कोंडून राहावें लागे. २००० सालीं कांहीं देशांपुरती, आणि २०१२ पासून भारतासारख्या देशांतून येणाऱ्या जनावरांसाठींहि ही कोंडी सुटली. तिच्या जागीं लस, रक्तपरीक्षा आणि प्रतीक्षा या तीन गोष्टी आल्या.

त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम जनावराच्या कातडीखालीं तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवितात. तिच्यावरील पंधरा अंकी क्रमांक हीच त्याची ओळख. त्यानंतर, पिल्लू किमान बारा आठवड्यांचें झाल्यावर, रेबीजची लस टोंचतात. लस टोंचल्यापासून निदान तीस दिवसांनीं रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवितात. एका मिलिलिटरमागें प्रतिकारक द्रव्याचें प्रमाण किमान ०·५ आंतरराष्ट्रीय एकक भरलें पाहिजे. तें भरल्यावरहि रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबावें लागतें. १ जानेवारीस चिप व लस झाली, तर रक्त ३१ जानेवारीच्या आधीं काढतां येत नाहीं, आणि प्रवास एप्रिल संपल्याखेरीज होत नाहीं. लक्षणें दडून राहण्याचा जो काळ, त्याचीच ही भरपाई होय.

पुष्कळांचें घोडें अडतें तें येथेंच. मोतीला दरवर्षीं नेमानें लस दिलेली असते; पण चिप बसविलेली नसते. चिपेच्या आधीं दिलेली लस जमेस धरीत नाहींत, कारण ती याच कुत्र्याला दिली याचा पुरावा उरत नाहीं. तसेंच पुढील लसेची तारीख एक दिवसानेंहि चुकली, तर सारें प्रकरण पुन्हां पहिल्यापासून सुरू करावें लागतें.

अखेरच्या दिवसांतील कामेंहि तारखेचींच आहेत. कुत्र्याला ब्रिटनमध्यें पोहोंचण्यापूर्वीं चोवीस ते एकशेंवीस तासांच्या आंत पट्टकृमीचें औषध पशुवैद्याच्या हातून द्यावें लागतें. मांजरास तें लागत नाहीं. केंद्र सरकारच्या पशु-संगरोध केंद्राकडून आरोग्याचा दाखला घ्यावा लागतो. ब्रिटनचा आरोग्यदाखला दिल्यापासून दहा दिवसांत तेथें पोहोंचलें पाहिजे, आणि मालक व जनावर यांच्या प्रवासांत पांच दिवसांहून अधिक अंतर असूं नये. कांहीं उणें आढळल्यास जनावरास चार महिन्यांपर्यंत अटकावून ठेवतात व त्याचा खर्च मालकावर पडतो.

कागद झाले, तरी जीव राहतो. विमानानें ब्रिटनला जाणारीं कुत्रींमांजरें मालाच्या कक्षांतून जातात. पिंजरा असा असावा कीं त्यांत जनावराला ताठ उभें राहतां येईल, वळतां येईल आणि सुखानें निजतां येईल. तो कित्येक आठवडे आधीं घरांत आणून दार उघडें ठेवावा, त्यांतच खाऊं घालावें. म्हणजे प्रवासाच्या दिवशीं तें बंदिखाना न वाटतां आपलेंच घर वाटतें. आंत घरच्या माणसाचें वापरलेलें वस्त्र ठेवावें. ओळखीचा वास मोठा धीर देतो. गुंगीचें औषध मात्र देऊं नये. त्यानें रक्तदाब उतरतो, तोल जातो, आणि उंचावर त्याकडे पाहण्यास कोणी नसतें. पग, बुलडॉग यांसारखीं चपट्या नाकाचीं कुत्रीं आणि पर्शियन मांजरें यांना श्वासाचा त्रास लौकर होतो. पुष्कळ विमान-कंपन्या त्यांना घेतच नाहींत.

देशपरत्वें नियम निराळे असतात. जपान रक्त काढल्यापासून एकशेंऐंशीं दिवस थांबवितो. ऑस्ट्रेलिया तर भारतांतून थेट येणारें कुत्रें स्वीकारीतच नाहीं. म्हणून जावयाच्या देशाचे चालू नियम पाहणें हें पहिलें काम. विमानाचें तिकीट त्याच्या मागून.

आणि त्याहीपूर्वीं एक प्रश्न घरांतल्या घरांत विचारावा: हा प्रवास कोणासाठीं? थकलेलें, हृदय क्षीण झालेलें कुत्रें ओळखीच्या अंगणांत, मामाच्या किंवा आजीच्या सहवासांत सुखानें दिवस कंठील, तर त्याला मागें ठेवणें ही निष्ठुरता नव्हे.

मोती तरुण व निरोगी असेल, तर वाट निघते. वडील पुढें जातात. आई व मूल शाळेचें वर्ष संपेपर्यंत थांबतात. कागदांवर मालक म्हणून आईचें नांव लागतें, आणि चार-पांच महिन्यांनीं तिघेंहि एकाच दिवशीं निघतात. मोतीला यांतलें कांहीं कळत नाहीं. नेहमींच्या माणसांनीं पिंजऱ्याचें दार लावलें आहे, एवढेंच त्याला कळतें. आणि तीं माणसें दार उघडावयास येतील, हा त्याचा भरंवसा असतो. तो भरंवसा खरा ठरावा एवढ्यासाठींच ही सारी तयारी वेळेवर करावयाची.